सरांच्या मुलांचे स्नेहसंमेलन

दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी परळच्या आमच्या मंडळाचे स्नेहसंमेलन भरते. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि अध्यक्षीय भाषण हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. मंडळाचा चिटणीस या नात्याने त्याची टाचणे मीच काढतो, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. मी ज्याची वाट पाहत असतो तो भाग त्यानंतरचा. सरांच्या हाताखाली नाचलेली माणसे एकेक करून पुढे येतात आणि आपण कोणत्या नृत्यनाट्यात कोण होतो ते सांगतात.

सर हे भरतनाट्यमचे गुरू पार्वतीकुमारांचे शिष्य. तंजावरच्या सरफोजीराजांनी मराठीत रचलेली निरूपणे, म्हणजे नृत्यासाठीच्या रचना, पार्वतीकुमारांनी भरतनाट्यमच्या रंगमंचावर आणली, आणि त्याच गुरूंनी आविष्कार या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाळा या बालविभागातील मुलांसाठी ‘दुर्गा झाली गौरी’ या बालनाट्याची नृत्येही बसवली. शास्त्राचा अभ्यास आणि मुलांचे नाटक यांत थोरले-धाकटे काही नसते, ही दृष्टी सरांना तेथून मिळाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या चाळींतील पगार थांबले, तेव्हा सरांनी फी घेणे बंद केले आणि वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी शाळेच्या सभागृहात बोलावले. आमचे नृत्यनाट्य तेथूनच सुरू झाले.

शिकवण्यात मात्र सवलत नव्हती. तट्टकळीवर, म्हणजे ताल देण्याच्या लाकडी ठोकळ्यावर, काठीचा ठोका पडला की अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे खाली, बसायचे आणि तेच अडवू, म्हणजे नृत्याचे मूळ पदन्यास, आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट लयीत करायचे. अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथातील २८ असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, पाठ झाल्याखेरीज कोणाला भूमिका मिळत नसे. पण एकदा ते हातात बसले की सर त्यांतून आमचेच जग उभे करत. सरळ तळव्याच्या पताक हस्ताची लाट होई, दार होई, मागावरचे कापड होई. आमच्यापैकी पुष्कळांचे वडील रत्नागिरीकडचे, गणपतीत बाल्या नाच करणारे. सरांनी त्यांना तालमीला बोलावून त्यांच्याकडून तो ठेका स्वतः शिकून घेतला आणि मग आमच्या पायांत घातला. मोठ्या गुरूंचा शिष्य आपल्या वडिलांसमोर विद्यार्थी होऊन उभा आहे, हे पाहिलेल्या मुलांच्या मनातून गिरणी कामगाराचा मुलगा असण्याचा संकोच कायमचा गेला, असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच मला मुख्य भूमिका केलेल्यांच्या भाषणांपेक्षा मागच्या ओळीत उभ्या असलेल्यांची भाषणे अधिक हलवून जातात. परिचारिका असलेल्या आमच्या एका ताई कोळ्यांच्या नृत्यनाट्यात लाटांच्या ओळीत डावीकडून चौथ्या होत्या. तालमीत त्या कंटाळून थांबल्या, तेव्हा सर एवढेच म्हणाले, “बाळ, तू थांबलीस तर समुद्र थांबेल.” रात्रपाळीत कितीतरी वेळा हे वाक्य आपण मनाशी म्हटले, असे त्या सांगतात. दरवर्षी त्या हेच सांगतात आणि दरवर्षी माझ्या टाचणात त्यांच्या नावापुढची जागा कोरी राहते.

उपस्थितीविषयी मात्र बोलले पाहिजे. बदलापूर, विरारहून माणसे लोकल बदलून वेळेवर येतात. ज्यांचे चेहरे मालिकांमुळे घरोघरी पोहोचले त्यांपैकी काहींना निमंत्रणाचे उत्तर देण्याइतकीही सवड होत नाही. २०२३च्या नोव्हेंबरात परळचे दामोदर नाट्यगृह बंद झाल्यापासून आम्ही पुन्हा शाळेच्या सभागृहात भेटतो, म्हणून संमेलनाची शोभा गेली, असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते, कारण आम्ही सारे त्याच सभागृहात घडलो.

मदत करणाऱ्यांची नावे अहवालात छापलेली आहेत. त्यांची कामे येथे सांगतो. पेटीवाले काका आणि ढोलकीवाले दादा. जुन्या नऊवाऱ्यांतून कोळणींचे वेश शिवणाऱ्या मावशी. रंगभूषा करणारे गुरुजी. प्रत्येक मुलाच्या मापाप्रमाणे घुंगरांचे पट्टे कापून देणाऱ्या सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी. उशिरापर्यंत शाळा उघडी ठेवणारे शिपाईमामा. पोह्यांची पातेली वाहून आणणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी. लांब राहणाऱ्या मुलींना रात्री घरापर्यंत सोडणारे पालक. आणि पडदा ओढणारे दोघे भाऊ, जे कितीही बोलावले तरी सत्कारासाठी व्यासपीठावर येत नाहीत आणि म्हणून ज्यांचा उल्लेख नेहमी राहून जातो.

पुढच्या संमेलनात जुन्या लाटांनी नव्या मुलांबरोबर उभे राहावे, असे सरांनी ठरवले आहे. तालमी डिसेंबरपासून दर शनिवारी चार वाजता सुरू होतील, आणि गुडघ्यांमुळे ज्यांना अरमंडीत बसता येत नाही, त्यांच्यासाठी उभ्याने करायच्या हालचाली सरांनी आताच बसवून ठेवल्या आहेत.