कौलांचा आकडा

26 जानेवारीला लागून येणाऱ्या रविवारी आमच्या हायस्कूलचा माजी विद्यार्थी मेळावा असतो. दाभोळच्या खाडीचा दापोलीकडचा काठ, डोंगराच्या कुशीत चिऱ्याची शाळा. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर मेळाव्यात खंड नाही, आणि आभाराचं काम माझ्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ हे तासाभरात उरकतं. पाहुणे कुणीही असोत, दोन गोष्टी सांगतातच. एक, 2012 ला कोकण बोर्ड वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण पहिलं. दुसरी, धोंडो केशव कर्वे इथल्याच मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले. एवढं चालून गेल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. नापासांच्या रांगेत बसलेल्या मला तेच ऐकायचं असायचं.

मी वाट बघतो ती शिपाईकाकांच्या भाषणाची. काका याच शाळेत नववीला नापास झाले आणि याच शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झाले. भाषण दरवर्षी एकच. शाळा होण्याआधी सातवीनंतर शिकायचं तर दापोली गाठावी लागे. मग देवळाच्या सभामंडपात आठवीचा वर्ग सुरू झाला, गावाने जागा दिली, मुंबईच्या चाकरमान्यांनी मनीऑर्डरी पाठवल्या, भिंती उभ्या राहिल्या आणि मंगलोरी कौलांचा मचवा भरतीबरोबर खाडीत शिरला. ओहोटीच्या आत तो रिकामा करायचा होता. धक्क्यापासून शाळेपर्यंत माणसांची रांग लागली. कोळीवाडा, कुणबीवाडी, मोहल्ला, भंडारवाडी, सगळे त्यात. काका तेव्हा पोरगे, रांगेत चढणीच्या वळणावर उभे. कौल हातात घ्यायचं, वळायचं, पुढच्याला द्यायचं. ते माईकसमोर तसेच वळून दाखवतात, सत्तरी उलटलेल्या कमरेने. "पाच हजार कौला व्हती. उतरताना एक पन फुटला नाय." पुढच्या वर्षी सात हजार होतात. मुख्याध्यापक बदलले, आकडा वाढत गेला, कुणी टोकत नाही. त्या वळण्याशी माझा गळा दाटतो, दरवर्षी, आणि मी चष्मा पुसायचं नाटक करतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने पूर्वेकडच्या तीन वर्गांची कौलं उडवली. आता तिथे पत्रे आहेत, पावसात फळ्यावर काय लिहिलंय ते ओरडून सांगावं लागतं. त्यानंतरच्या पहिल्या मेळाव्यात आम्ही सगळे धास्तावून बसलो होतो, काका काय बोलणार. त्यांनी वर पत्र्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "आठ हजार कौला व्हती. *उतरताना* एक पन फुटला नाय."

बाकी सुविधा हळूहळू आल्या: प्रयोगशाळा, वाचनालय, संगणकाची खोली. प्रत्येकीवर देणगीदाराची संगमरवरी पाटी, पाण्याच्या टाकीवरसुद्धा. फक्त मुलींच्या स्वच्छतागृहावर पाटी नाही. त्याचे पैसे माजी विद्यार्थिनींनी जमवले आणि आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "पाटी नको, आतून कडी घट्ट बसवा." ती कडी आजही घट्ट आहे. मी स्वतः बसवून घेतली.

हजेरीचं थोडं बोलतो, राग मानू नये. 1975 ला जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी बाहेर पडली. त्या दोन्ही बॅचेस गुडघे धरत येतात आणि अजून वेगवेगळ्या रांगांत बसतात. नंतरच्यांना खेडपर्यंत रेल्वे आहे, हातात फोन आहेत, ग्रुपवर रोज सुप्रभात आहे, आणि मेळाव्याच्या आदल्या रात्री नेमकी मुलाची परीक्षा असते. जे येतात त्यातले निम्मे आमटी-भात खाऊन गाडी गाठतात, काकांच्या भाषणाआधीच. म्हणून गेल्या वर्षीपासून भाषण जेवणाआधी घेतलं. भाषणाला गर्दी झाली.

आता आभार राहिले ते लिहूनच टाकतो. मंडप आणि खुर्च्या देणारे, माईकवाले, वीज गेल्यावर होडीचा जनरेटर डोक्यावर आणणारे कोळीवाड्यातले दोघे भाऊ, शंभर जणांचा स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या ताई, ताकासाठी दूध देणारी खालची आळी, रांगोळीच्या मुली, चपला सांभाळणारी पाचवीतली पोरं, आणि वस्तीच्या एसटीचे चालक-वाहक, जे दहा मिनिटं जास्त थांबले. गेल्या वर्षी स्टेजवर एवढी सगळी नावं घेतली आणि काकांचंच राहिलं. घरी जाऊन माफी मागितली.

काका ओटीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, "माजा कशाला घेतोस? मी काय मदत केली? मी भाषान केला."