दोनशे गाई

एप्रिलची दुपार, सांगलीत लाईट गेलेली, आणि मी रद्दीवाल्याकडनं वीस रुपयांत आणलेली इंग्रजी कादंबरी घेऊन फरशीवर आडवी. कव्हरवर घोडा, टोपीवाला बाप्या आणि मागं लालभडक आभाळ. रोमँटिक सस्पेन्स, तोही मोंटानातल्या रँचवरचा. असल्या पुस्तकांचा मला नाद आहे, त्याला इलाज नाही. २०१९च्या पुरात आमचं खालचं कपाट गेलं, चांगली चांगली पुस्तकं कृष्णामाईनं नेली आणि माळ्यावर टाकलेल्या ह्या बया तेवढ्या वाचल्या.

तर बाप मरतो, पोरगी शहरातनं परत येते, रात्री कुणीतरी कुंपणाच्या तारा तोडतं, आणि हिरो एका वेळी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. चाळिसाव्या पानावर मला खुनी कळला. कळणारच की. मोंटाना अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं आणि माणसं सगळी मिळून अकरा-बारा लाख, म्हणजे घरी येणारं-जाणारं कोण, तर तो गोडबोल्या मुकादम. दुसरं कोण असणार, पोस्टमन?

पण त्याचं काही नाही, माझं दुखणं वेगळंच आहे. तीनशे पानांत गुरं कुठायत? दोनशे गाई तुटक्या तारेतनं बाहेर पडतात आणि पुढच्या चॅप्टरला आपल्या आपण आत. कुणाच्या रानात शिरल्या नाहीत, भांडण नाही, कोंडवाडा नाही. मामाची एक कालवड शेजारच्या शाळवात घुसली होती तर दोन घरं दिवाळीपर्यंत बोलत नव्हती. शेण तर अख्ख्या पुस्तकात एकदाच, तेही हिरोईनचा पाय पडायला.

मामाचं गाव आटपाडीकडं. खरसुंडीच्या बाजारातनं आणलेली खिलार गाय होती, पांढरीशुभ्र, शिंगं अशी की मी लांबनंच तिला ताई म्हणायचे. मे महिन्याच्या सुट्टीत ती व्यायली. वासरू पडलं, आजीनं त्याचं तोंड पुसलं, सगळी खूश होऊन झोपायला गेली, आणि मग वार, म्हणजे वासरामागनं पडते ती पिशवी, पडेना. गाय वार खाते म्हणून कुणीतरी जागं राहायलाच पाहिजे, तर मामा आणि मी कंदील घेऊन दावणीपाशी बसलो. मामा बिडी ओढायलासुद्धा उठेना. गाय जरा हलली की तो पुढं सरकायचा, परत मागं बसायचा, मी डुलकी काढून डोळे उघडले की हा तसाच बसलेला, एकदा तर मला वाटलं मामा रडतोय, पण कंदिलाच्या उजेडात काय कळतंय. पहाटे पडली एकदाची. मामानं लांब नेऊन पुरली, हात धुतले, आणि मग बिडी पेटवली. सकाळी चिकाचा खरवस, गूळ-वेलदोडा घालून. मी इतका खाल्ला की दुपारी जेवलेच नाही.

परवा मामाला फोनवर ही कादंबरी सांगत होते. म्हटलं, पन्नास हजार एकर रान आहे त्यांचं. मामाचं तीन एकर. आपल्याकडं कोरडवाहूला कायद्यानंच ५४ एकरांची कमाल, एवढं मोठं त्याला वाटेल म्हणून मी थांबले. तर मामा म्हणतो, "पाणी कुठलं गं?"

टेंभू उपसा योजनेचं पाणी शिवारात यायची वाट बघण्यात अर्धा जन्म गेलेला माणूस, दुसरं काय विचारणार? मी पानं चाळली. विहीर नाही, पाट नाही, टँकर तर नाहीच. म्हटलं, एक ओढा आहे मामा, पण त्यात हिरोईन पोहते.

"बारमाही?"

"असावा."

"मग त्या ओढ्यावरनंच मारलं असंल बापाला."

पुस्तकात तसं नाहीये. शेवटची वीस पानं राहिलीत, पण आता वाचवत नाहीत.