खार, सिंह आणि मधली मंडळी

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात आभारप्रदर्शनाचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. प्रेक्षक खुर्च्या सरकवू लागलेले असतात, लहान मुले प्रसादाच्या टेबलाकडे पळालेली असतात आणि त्या गलबल्यात मी ‘ज्ञात-अज्ञात’, ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष’ ही ठरलेली शब्दांची जोडपी माइकवरून सोडत राहतो. ‘आभार मानण्यापेक्षा त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करतो’ हे वाक्य तर मी इतक्यांदा म्हटले आहे, की माझ्या डोक्यावरच्या ऋणाचा हिशेब आता कोणत्याही बँकेला लागणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेला परिसरातल्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, म्हणून उत्सवात तिचा पुन्हा प्रयोग केला. मी लेखक, दिग्दर्शक, कलाकार, मांडववाले आणि वर्गणीदार या सर्वांची नावे घेतली. दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या. प्रॉम्पटिंग त्यांनी केले होते. दीड महिना रोज रात्री वही मांडीवर घेऊन त्या तालमीला बसत, जो नट आलेला नसेल त्याची वाक्ये स्वतः म्हणत, आणि स्पर्धेच्या दिवशी नायकाने दीड पान गाळले तेव्हा विंगेतून त्यांनीच समोरच्या नटीला नेमके पुढचे वाक्य पुरवले होते, म्हणून ती चूक परीक्षकांपर्यंत पोहोचलीच नाही. वहिनी हसत म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या त्या ज्ञात-अज्ञातांत मी ज्ञात होते की अज्ञात?” लिफ्ट आली आणि मी सुटलो.

श्रेयाची वाटणी करताना आपली भाषाही थोडी अडचणीतच टाकते. तिच्याकडे एक सिंहाचा वाटा आहे आणि एक खारीचा. गोष्टीतल्या सिंहाने सगळी शिकार स्वतःकडेच ठेवली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो आणि ‘यात अमुक साहेबांचा सिंहाचा वाटा आहे’ असे कौतुकाने म्हणतो. खारीचे निदान बरे झाले, सेतूसाठी वाळू वाहिल्याबद्दल रामाने पाठीवरून बोटे फिरवली आणि तिचे श्रेय तिच्या अंगावरच उमटले. पण ज्यांनी खारीपेक्षा पुष्कळ आणि सिंहापेक्षा थोडे कमी केले, अशा मधल्या मंडळींसाठी आपल्याकडे कोणताच प्राणी नाही, आणि कोणत्याही कामात संख्येने तीच जास्त असतात.

व्यावसायिक नाटकवाले या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. तिसरी घंटा झाली, की काळोखात नेपथ्य कोणाचे, प्रकाशयोजना कोणाची, रंगभूषा कोणाची हे पडदा उघडण्यापूर्वीच ध्वनिक्षेपकावरून सांगून टाकतात. आपण त्या वेळी मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत असतो, ही गोष्ट वेगळी. पण तिथे ‘मोलाचे सहकार्य’ असे मोघम काही नसते, माणसाच्या नावाला त्याचे काम जोडलेले असते.

पैशांच्या बाबतीत तर मोघमपणा चालतच नाही. 2018 मध्ये भारताच्या 19 वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा क्रिकेट मंडळाने प्रशिक्षक राहुल द्रविड यांना 50 लाख आणि त्यांच्या साहाय्यकांना प्रत्येकी 20 लाख रुपये जाहीर केले. (द्रविड मराठी घरातले, हे आपण लगेच सांगतो, तेवढे श्रेय आपल्याला हवेच असते.) द्रविड यांनी हा फरक मान्य केला नाही आणि अखेर सर्वांना सारखेच, 25 लाख, मिळाले. म्हणजे त्यांचे स्वतःचे निम्मे गेले. स्टेजवरून ‘हे माझ्या टीमचे यश आहे’ म्हणायला काही पडत नाही. इथे त्या वाक्याची किंमत 25 लाख होती.

माझ्याजवळ वाटायला लाख नाहीत, फक्त एक फुलस्केप कागद आहे. यंदा तो मी आधीच वहिनींना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, स्वतःच्या नावापुढचे ‘मोलाचे सहकार्य’ खोडून ‘प्रॉम्पटिंग’ असे लिहिले आणि तळाशी पेन्सिलीने आणखी एक नाव घातले. ते आमच्या वॉचमनचे होते. गेल्या वर्षी आठ वाजता लावायची पाण्याची मोटर त्याने प्रयोग संपेपर्यंत लावली नव्हती, आणि वरच्या मजल्यांवरून पाण्यासाठी आलेले सगळे फोन एकट्याने ऐकून घेतले होते.