लावा फ्राय, फार्मचा आणि शेतातला

थंडी सुरू झाली, शाळू गुडघ्याला लागला की आमच्या कर्नाटक सीमेवरच्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात काही ढाब्यांवर मेनूकार्डात नसलेली एक डिश सुरू होते, लावा फ्राय, म्हणजे लावा नावाचा छोटा पक्षी तळून. विचारलं की पोरगं म्हणतंय, "फार्मचं हाय सर, बिनधास्त खावा." रानातला लावा धरून विकणं गुन्हा हाय. आता फार्मवर पाळलेला जपानी लावा विकायला बंदी नाही हे खरं, काही ठिकाणी असेलही फार्मचा, पण पिसं काढून मसाला लावून तळल्यावर फार्मचा कुठला आणि हरभऱ्यातनं धरलेला कुठला हे कोण सांगणार? तेवढ्या एका फटीतनं सगळा धंदा चालतोय.

करकोचे, बदकं यांचं कौतुक आपल्याकडं बऱ्यापैकी हाय. हिडकल डॅमवर, धुपदाळच्या बंधाऱ्यावर लोक कॅमेरे घेऊन जातात, घटप्रभेचं पक्षी अभयारण्य तर १९७४ चं. लाव्याचा फोटो कोण काढतंय. मुठीत मावणारा, शंभरेक ग्रॅमचा, मातीच्या रंगाचा पक्षी, मध्य आशियाकडनं रात्री-रात्री उडत हिवाळ्यात येतो आणि उतरतो कुठं तर कुणाच्यातरी रानात, जिथं गार्ड नाही की बोर्ड नाही.

धरायची पद्धत बघितली की डोकं फिरतं. बांधाकडेला बांबूच्या पट्टीवर नायलॉनचे फासे ओळीनं लावलेले असतात, लावा उडण्यापेक्षा पळतो जास्त, पळत गेला की मान अडकली. आता त्यात मोबाईल आलाय, नराचा आवाज डाउनलोड करून रात्री स्पीकरवर लावायचा, वरनं चाललेले पक्षी आपल्यापैकी कोण हाय म्हणून खाली उतरतात आणि पहाटे जाळं ओढायचं. जिवंत ठेवायच्या पिंजऱ्याला वर कापड बांधतात, कारण हा पक्षी घाबरला की सरळ वर उसळतो आणि डोकं फुटून मेला की त्याला भाव नाही.

आणि दरवेळी शिव्या खातो तो फासेवाला. त्याचं बरोबर हाय असं मी म्हणत नाही, खरं त्याच्या घरच्या कालवणापुरती शिकार पिढ्यान्‌पिढ्या होती, तेवढ्यानं रान रिकामं झालं नव्हतं. रिकामं होतंय ते बाईकवरनं माल गोळा करणाऱ्यामुळं आणि ढाब्याच्या डीप फ्रीझरमुळं. पोटाला मर्यादा असते, फ्रीझरला कुठली.

अमेरिकेत हेच झालं होतं. रेल्वे आली, बर्फ मिळायला लागला, मग बदकं आणि पॅसेंजर पिजन नावाची रानकबुतरं पिंपंच्या पिंपं भरून शहरातल्या हॉटेलांना जायला लागली. कोट्यवधींनी असलेली ती कबुतरं संपली, शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या झूमध्ये मेली. १९०० चा लेसी कायदा आणि १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा यांनी तिथली बाजारासाठीची शिकार बंद पाडली. गंमत म्हणजे तिथं बदकांची शिकार आजही लायसन घेऊन, सीझनमध्ये, ठरलेल्या संख्येत करता येते, पण मारलेलं रानबदक विकता येत नाही. घरी न्या, खावा, विकू नका.

आपला १९७२ चा वन्यजीव कायदा सुरुवातीला छोट्या शिकारीला लायसन देत होता, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही दार बंद केलं. आता फासा लावणं, जाळं टाकणंसुद्धा शिकारच धरतात, मांस विकणं गुन्हा, आणि २०२३ पासून दंड एक लाखापर्यंत, कैद तीन वर्षांपर्यंत. कायदा केंद्राचा हाय, कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलकडं गेलं म्हणून बदलत नाही, तरी माल इकडनं तिकडं जातोच कारण दोन राज्यांच्या फॉरेस्टवाल्यांत "ते आमच्या हद्दीत नाही" चालू असतंय.

आमच्या ग्रुपमध्ये हे टाकलं तर एकजण म्हणाला, "अरे एका प्लेटीनं काय होतंय!" प्लेटीत दोन असतात बाबा, आणि शनिवारी रात्री ढाब्यावर एकटा तूच असतोस काय? निदान फार्म कुठलं, बिल दाखव, एवढं तरी विचारा. खरंच फार्मचा असेल तर तो गावाचं नाव सांगेल, नसेल तर म्हणेल "आज संपलंय सर, मटण घ्या की." घ्या मग मटण.