मे महिन्यातली नोंद

विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या कपाटात हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातील एका ओढ्याच्या पाणलोटातील अकरा विहिरींची पाणीपातळी २०१३ पासून तिच्यात लिहिली जात आहे. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ज्या महिन्यांत मोजते, तेच ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे हे चार महिने आम्हीही धरले. वहीतले हस्ताक्षर दर तीन-चार वर्षांनी बदलते, कारण संशोधक विद्यार्थी बदलतो. माझे हस्ताक्षर २०१७ च्या ऑक्टोबरपासून सुरू होते.

वही हातात आल्यावर पहिल्याच दिवशी मी मे २०१६ चे पान शोधले. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले ते याच वर्षीच्या एप्रिलपासून. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे, आणि ते तेव्हा कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्यात विहिरींच्या तळाशी काय उरले होते, हे जाणून घेण्यासाठी याहून चांगली संधी कोणती? पान कोरे होते. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने मार्चमध्ये प्रबंध सादर केला होता आणि एप्रिलमध्ये त्याला दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी लागली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मे हा विद्यापीठात परीक्षांचा, पेपर तपासण्याचा आणि मग सुट्टीचा महिना असतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या संशोधकाचे मानधन सत्र संपताच थांबते, आणि मानधन थांबले की स्वतःच्या मोटारसायकलमध्ये पेट्रोल टाकून अकरा विहिरी फिरणे अवघड होते, हे मी पुढे चार वर्षे अनुभवले.

पण या प्रदेशात मेची नोंद गेली की वर्षच जाते. आमचा खडक बेसाल्टचा. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि त्याखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत, आणि ही साठवण फार मोठी नसते. त्यामुळे पाऊस बरा झाला की ऑक्टोबरमध्ये जवळपास सगळ्याच विहिरी सारख्या भरलेल्या दिसतात. कोणती विहीर खरी श्रीमंत आणि कोणती नुसती दिखाऊ, हे मेमध्ये कळते. शिवाय पावसाने भूजलात किती भर घातली, हे काढण्याची नेहमीची रीत म्हणजे मेपासून ऑक्टोबरपर्यंत पातळी जितकी चढली, त्या चढाला क्षेत्रफळाने आणि खडकाच्या पाणी सोडण्याच्या प्रमाणाने गुणायचे. आमच्यासारख्या बेसाल्टमध्ये हे प्रमाण साधारण दोन टक्के धरतात. मेचा आकडाच नसेल तर गुणायचे कशाला?

मोजणे तसे सोपे आहे. पोलादी टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू फासायचा, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून टेप विहिरीत सोडायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते पाहायचे आणि वजाबाकी करायची. अट एकच, मोटार काही तास बंद असली पाहिजे. इथे सगळे घोडे अडते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. ती आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि चालू उपशात मोजलेली पातळी विहिरीची नसते, मोटारीची असते. म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यात, दुपार उलटल्यावर जायचे, हे वेळापत्रक आम्ही ठरवलेले नव्हते. ते आम्हाला महावितरणने दिले.

मे २०१९ मध्ये माझ्या हातून चूक झाली. आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिला होता, दुष्काळ जाहीर झालेला होता. सात नंबरच्या विहिरीची पातळी आदल्या मेपेक्षा ६० सेंटीमीटर खाली गेलेली निघाली. मला ते मुळीच खटकले नाही. खरे सांगायचे तर तो आकडा मला हवाच होता. सहामाही प्रगती अहवालातला आलेख कसा ठसठशीत उतरला.

विहिरीचे मालक तात्या बाभळीखाली बसून माझी वजाबाकी ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा टेप काय बी सांगो, पाणी गेल्या सालच्याच पायरीवर हाय." जुनी बांधीव विहीर ती, भिंतीतून पुढे आलेल्या दगडी पायऱ्यांची. तात्यांचे वडील आणि नंतर तात्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पायऱ्या मोजत आले होते, कारण उन्हाळी भुईमूग शेवटच्या पाण्यापर्यंत निभावेल की नाही, हे त्यावर ठरायचे. मी हसून विषय बदलला. महिनाभराने आलेख पुन्हा पाहताना मनात काही तरी टोचले आणि मी फोन केला. हिवाळ्यात वासरू विहिरीत पडता पडता वाचले, म्हणून तात्यांनी कठडा दोन फुटांनी वाढवला होता. दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर. नव्या कठड्यावर जुनी खूण नाही, हे मी पाहिले होते; ती उन्हापावसाने पुसली गेली असेल, असे समजून मी स्वतःच नवी रंगवली होती. पाणी तसूभरही उतरले नव्हते. तात्यांनी त्या वर्षी भुईमूगच लावला नव्हता, म्हणून उपसा थांबला होता आणि दुष्काळातही विहीर टिकली होती. म्हणजे आलेखातले एक खरेखुरे निरीक्षण मी घालवून बसले होते आणि त्याच्या जागी ऐकीव दुष्काळ ठेवला होता.

ही चूक केवढी, ते मी नंतर मांडून पाहिले. आमच्या पाणलोटात एक विहीर साधारण ५० हेक्टरचे प्रतिनिधित्व करते. त्यावर ६० सेंटीमीटर आणि दोन टक्के धरले तर ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी मी कागदावर आटवले होते. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. तशा बारा गाड्या.

त्यानंतर आम्ही खुणा कठड्यावरून काढून जवळच्या उघड्या खडकावर नेल्या, आणि एक संपूर्ण दुपार घालवून सात नंबरच्या सगळ्या पायऱ्या टेपने मोजल्या. पायऱ्या सारख्या नाहीत. सर्वात लहान नऊ इंचांची, सर्वात मोठी जवळपास चौदा. तरी प्रत्येकीची खोली मीटरमध्ये लिहिता आली. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जिल्ह्याची हद्द ओलांडता आली नाही, तेव्हा तात्यांनी फोनवर सांगितले, "अकरावी उघडी, बारावीला पाणी." अकरापैकी याच एका विहिरीची त्या मेची नोंद आमच्याकडे आहे. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, हा आकडा कोणत्या उपकरणाने घेतला? मी म्हणाले, पायरीने. अर्ध्या पायरीची चूक गृहीत धरलेली तळटीप त्यांनी वाचली, पायऱ्यांचा तक्ता मागितला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची असते. मराठवाड्याचा पाऊस या हिशेबाने पडत नाही. २०१४ आणि २०१५ ही वर्षे कोरडी, २०१६ चा सप्टेंबर धो-धो, २०१८ पुन्हा कोरडे. कुणाच्या वाट्याला नुसता उतार येतो, कुणाच्या नुसता चढ, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर निष्कर्ष काढून पदवी घेतात. दर वर्षी त्याच अकरा विहिरी मोजत राहणे याला मात्र नवेपण नसल्यामुळे प्रकल्पाचा निधी मिळत नाही आणि त्यावर शोधनिबंधही निघत नाही. आता मी मार्गदर्शक आहे; माझा विद्यार्थी मेमध्ये घरी जायची परवानगी मागतो तेव्हा त्याला नाही म्हणणे मला जड जाते, म्हणून गेल्या दोन मेच्या नोंदी मीच घेतल्या.

तात्यांचा मुलगा परवा भेटला. दिवाळीनंतर पोकलेन लावून विहीर रुंद आणि खोल करायची आहे, पायऱ्या काढाव्या लागतील, असे म्हणाला. त्याची अडचण खरी आहे, शेजारच्या बोअरने त्याचे झरे ओढले आहेत. ऑक्टोबरच्या फेरीत आम्ही एक दिवस जादा ठेवला आहे. खडकावरच्या खुणेपासून पाण्याबाहेरची प्रत्येक पायरी पुन्हा एकदा मोजायची आहे आणि मोटार लावून विहीर उपसता आलीच, तर पाण्याखालच्याही.