लखोटा छापखान्यात

मंगळवार

‘लखोटा’ या माझ्या खेळाच्या पुस्तकाची फाइल आज छापखान्यात दिली. डेमी आकार, १२८ पानं, एक रंग, ३०० प्रती. सतराव्या शतकातले जासूद, राजगडावरून निघालेलं मोहोरबंद पत्र, वाटेत घाट, नद्या, चौक्या आणि फितूर माणसं. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, दोन साधे फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. आजवर हा खेळ माझ्या वह्यांमध्ये आणि मैत्रिणींच्या घरच्या चिवड्याच्या बशांमध्ये होता. आता त्याचं पुस्तक होतंय, आणि ते नेहमीच्या पुस्तकासारखं बांधायचं नाही यावर मी ठाम आहे.

कादंबरी आपण हातात धरून वाचतो. हे पुस्तक टेबलावर तासन् तास उघडं पडलेलं असतं. सूत्रधाराचा, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याचा, एक हात फाशांवर, दुसऱ्या हातात नकाशावर फिरणारी पेन्सिल. नमुन्याची प्रत डिजिटल छपाईने काढली होती ती परफेक्ट बाइंडिंगची, म्हणजे कण्याला गरम गोंद लावून चिकटवलेली. चकमकीचा तक्ता, म्हणजे फाशांच्या बेरजेवरून वाटेतला प्रसंग सांगणारा तक्ता, उघडला की ती मिटायची. शेवटी कोणीतरी तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. कण्याला भेग गेली आणि घाटांच्या प्रकरणातलं एक पान सुटून हातात आलं. घाटात वाट अडवलीय, सगळे श्वास रोखून बसलेत आणि सूत्रधार सुटी पानं लावत बसलाय, असं एकदा झालं की तो ताण पुन्हा जमत नाही.

म्हणून जुजबंदी. प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, घडीतून दोऱ्याने शिवायचा, मग सगळे फर्मे एकमेकांना शिवायचे.

‘‘ताई, तीनशे प्रतींना जुजबंदी?’’ छापखान्याचे मालक म्हणाले. ‘‘खर्च वाढेल. आणि वेळ लागेल, हे आधीच सांगतो.’’

‘‘लागू द्या. मुखपृष्ठ दोन रंगांत करू, तिथे वाचवू.’’

त्यांनी कोटेशनवरचा आकडा खोडला आणि बाइंडरकाकांना फोन लावला.

बुधवार

प्रूफ. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘किनाऱ्यावर’: घाटवाटांचा खेळ असल्यामुळे ऱ्य पानोपानी. प्रत्येक जागी तो नीट उमटलाय का, ते बोट ठेवून पाहिलं. लेआउटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तेव्हाच ल आणि श आपल्या वळणाचे आले. डोळे दुखतायत.

गुरुवार

बाइंडरकाकांकडे गेले होते. गल्लीतली एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, खळीचा वास. मी ८० जीएसएम जाडीचा मॅपलिथो कागद ठरवला होता. काकांनी त्याचा एक तुकडा घेतला आणि उभा फाडला, रेघ जवळपास सरळ गेली. आडवा फाडला, तर कड वेडीवाकडी, दातेरी. ‘‘हा ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा. हा कण्याला समांतर पाहिजे. आडवा आला तर कितीही छान शिवा, पान ताठ राहणार, पुस्तक उघडं पडणार नाही.’’ मग त्याच कागदाची कोरी डमी पुढे केली. मधोमध उघडली, हात काढून घेतला. पडून राहिली! मी आणखी तीन-चार ठिकाणी उघडून पाहिली, कडेच्या पानांपाशीही. पडून राहिली. इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

चकमकीचा तक्ता समोरासमोरच्या दोन पानांवर आहे, त्यासाठीच हा सगळा आग्रह. दोन फाशांच्या ३६ शक्यतांत ७ ची बेरीज सहा प्रकारे येते. २ आणि १२ एकेकाच प्रकारे. त्यामुळे तक्त्याच्या मधल्या ओळींत वाटेवरचे रोजचे प्रसंग आहेत: ओळख विचारणारा चौकीदार, पाणी मागणारी म्हातारी, निसरडा कातळ. टोकाच्या दोन ओळींत जे आहे ते एखाद्याच रात्री घडावं आणि सगळ्यांच्या लक्षात राहावं. सूत्रधाराला हा सगळा उतार एका नजरेत दिसायला हवा. पान उलटावं लागलं तर तो अंदाज जातो. तक्त्यासाठी आतला समास वाढवून घेतला, ओळींची सुरुवात शिवणीत जाऊ नये म्हणून. वीस बाजूंचे फासे मुद्दामच घेतले नाहीत. ल्यूडोचे फासे कोणत्याही गावात मिळतात आणि या खेळाला तेवढे पुरतात.

पानांचा हिशेब आधीच मिटवला होता. मजकूर १३९ पानांवर गेला होता. फर्मा १६ पानांचा. आठ फर्म्यांची १२८ पानं, नवांची १४४. नववा फर्मा म्हणजे आणखी प्लेटा, आणखी कागद, आणखी शिलाई. म्हणून अकरा पानं काढायची ठरवलं, आणि गडांच्या इतिहासाचं प्रकरण गेलं. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माच्यांवर मी मन लावून लिहिलं होतं, पण ती माहिती वाचकाला दहा ठिकाणी मिळेल.

नाणेघाटाच्या सहा पानांना मात्र हात लावला नाही. खेळ चालू असताना टेबलाभोवती काय बोललं जातं, ते तिथे जसंच्या तसं दिलंय.

सूत्रधार: जकातीचा दगडी रांजण मागे पडला. समोर धुकं. मागून पावलं वाजतायत. काय करता?

खेळाडू: मी परत रांजणाआड जाते आणि पावलं मोजते. किती जण आहेत?

सूत्रधार: टाक फासे.

असा खेळ ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याला नियमांच्या आधी हे ऐकू यायला हवं. आपण काय बोलायचं, किती बोलायचं, फासे नेमके कधी उचलायचे. आपल्याकडे बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. इंग्रजी पुस्तकं मागवून शिकलेल्या थोड्या मंडळींपलीकडे, शाळेतल्या मुलांपर्यंत, आजोळी सुट्टीत जमलेल्या भावंडांपर्यंत तो जावा असं मला फार वाटतं. त्यासाठी दुसरी तीन प्रकरणं गाळावी लागली असती तरी गाळली असती.

घरी येताना १९७४ आठवत होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच बोलत खेळायच्या खेळाची पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. एका डब्यात तीन पातळ पुस्तिका, आणि ते डबे हातांनी भरलेले. गायगॅक्सने एका मित्राबरोबर आदल्याच वर्षी छोटी कंपनी काढली होती. या खेळांचं जगभरचं सगळं पुढे त्यातून आलं. तीनशे प्रतींचा आकडा मला लहान वाटत नाही.

शनिवार

पहिले दोन फर्मे छापून झाले. शाई नीट बसलीय, मागची छपाई पुढे दिसत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मिळालेला आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. चार प्रती बाजूला काढायला सांगितल्या. मराठीतला असा खेळ त्या कपाटांत कायमचा नोंदला जाणार, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट अजून बदलून घेतली. जासूदाची पत्रिका, म्हणजे ज्यावर खेळाडू आपलं नाव, कसब, जखमा आणि झोळीतलं सामान लिहितो तो कागद, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होती. ती आता सुटी, ए-फोर आकारात, प्रत्येक प्रतीत घडी घालून जाईल. पेन्सिलीने लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. पुस्तक खराब व्हायला नको. खाली ठळक अक्षरांत ओळ टाकली: ‘या पानाच्या हव्या तेवढ्या झेरॉक्स काढा, परवानगी विचारू नका.’ मालकांनी ती वाचली आणि टाइप एक पॉइंट वाढवून दिला.