दिलबहारच्या बाकावरचे वस्ताद

कोल्हापुरात फुटबॉल खेळतात त्या तालमी. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत लाल मातीचे हौद घुमले. पुढे त्याच पेठांतल्या पोरांना चेंडूचा नाद लागला, पण दारावरची पाटी कुणी बदलली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. त्या दिवशी शाहू स्टेडियमवर दिलबहारच्या बाकाशेजारी माझी ड्युटी होती. बर्फाची पेटी, स्प्रे, क्रेप बँडेज, सगळी जय्यत तयारी. शेजारी तालमीतले एक जुने पैलवान मालिशच्या तेलाची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. तयारी त्यांचीही कमी नव्हती.

उत्तरार्धात आमचा नायजेरियन फॉरवर्ड हेडर मारून उतरताना घोट्यावर पडला. मी धावलो. वस्ताद माझ्या आधी पोचले, वय सत्तरीच्या पुढं असून!

"डॉक्टर, सरका बाजूला. दोन मिनिटांत उभा करतो."

"वस्ताद, आज चोळायचं नाही. आत रक्त उतरतं, सूज वाढते."

"आपला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला गेला, तो काय तुमच्या बर्फावर?"

यावर काय बोलणार? गॅलरीतून सल्ले सुरूच होते. एकानं हळद सुचवली, दुसऱ्यानं पांढरा रस्सा. पेशंट मात्र पेठेत राहून तयार झालेला. "वस्ताद, तेल नगं," तो कळवळून म्हणाला, "डॉक्टरला बघू द्या."

त्याला रेषेबाहेर आणलं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा दाबून पाहिल्या. हाड दुखत नव्हतं. आता चार पावलं पायावर भार देऊन चालता आलं, तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. गॅलरीला हे कसं कळलं कोण जाणे, "एऽक, दोऽन" असा गजर सुरू झाला. चौथ्या पावलाला असा जल्लोष उठला की पलीकडच्या गॅलरीत काहींना वाटलं, पेनल्टी मिळाली. तिकडून लगेच शिव्या.

तरी त्याला परत सोडलं नाही. लिगामेंट ताणलं होतं. घोटा बांधला, पाय उंच ठेवला, वर बर्फ.

या गडबडीत वस्तादांकडे माझं लक्षच नव्हतं. त्यांची बाटली उघडली होती आणि समोर बदली खेळाडू उभा होता. खांद्यापासून पोटरीपर्यंत चकचकीत! तो तसाच आत गेला.

दोनच मिनिटांत समोरचा डिफेंडर रेफ्रीकडे ओरडत आला, "सर, हे पोरगं धरायलाच घावंना!"

"धरायचं नसतंयच," रेफ्री म्हणाले आणि फ्री किक दिली. दिलबहारला.